गोट्यांच्या जमिनीबद्दल वाचकांचे प्रश्न

या खेपेला आलेल्या पत्रांत एकाच मातीची विचारणा पुन्हा पुन्हा झाली आहे: नदीने आणून टाकलेला गाळ, पण त्यात गोटे. गोव्यातल्या सत्तरी, धारबांदोडा, सांगे, काणकोण या बाजूची पत्रे जास्त आहेत आणि ते साहजिकच आहे. घाटातून उतरलेल्या नदीचा उतार पायथ्याशी एकदम कमी होतो. पाण्याचा जोर सरला की ते आधी जड ओझे टाकते. त्यामुळे गोटे तिथेच राहतात, वाळू थोडी पुढे जाते आणि चिकण गाळ पार तिसवाडीच्या खाजनापर्यंत, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतापर्यंत पोचतो. सारख्या वाटणाऱ्या पत्रांचे एकत्र उत्तर दिले आहे.

प्रश्न: सत्तरीत म्हादईच्या काठाला आमची सहा हजार चौरस मीटर जमीन आहे. एक जण म्हणतो ही गाळाची, म्हणजे सुपीक. दुसरा म्हणतो मुरमाड आहे, काजूशिवाय काही लावू नका. कोणाचे ऐकावे?

उत्तर: दोघांनीही माती हातात घेतलेली दिसत नाही. ओंजळभर खडे घ्या, पाण्यात खळबळून धुवा आणि उन्हात बघा. गुळगुळीत, गोलसर, काही राखाडी, काही काळे, अधूनमधून पांढरे असतील तर ते नदीचे गोटे. मोरडावरच्या, म्हणजे उंचावरच्या जमिनीच्या, लाल मातीतले खडे खरबरीत, गंजाच्या रंगाचे आणि वाटाण्याएवढे असतात. दोन खडे एकमेकांवर घासले की तांबूस पूड पडते. ते चिऱ्याच्या कातळाचे. ती जमीन जागच्या जागी झिजून झालेली असते, नदीने आणलेली नसते. तुमचा दुसरा सल्लागार काठावरच्या जमिनीला मोरडाचा नियम लावतो आहे.

मातीच्या वर्गीकरणात २ मिमीहून मोठा तो खडा. जमिनीच्या आकारमानात खडे १५ टक्क्यांहून कमी असतील तर मातीच्या नावात त्यांचा उल्लेखही करत नाहीत. १५ ते ३५ टक्के असतील तर जमीन गोटेमिश्रित, ३५ ते ६० पर्यंत बहुगोटेमिश्रित. त्यापुढे ती जवळजवळ नदीचे पात्रच असते. या आकड्याला आम्ही फार महत्त्व देतो. पाणी, खत, चुना, तिन्हींचा हिशेब त्यावर बसतो, म्हणून पुढच्या उत्तरात तो काढायची रीत दिली आहे.

वरची माती बघून मात्र थांबू नका. एक मीटर खोल खड्डा काढा आणि त्याची भिंत फावड्याने सरळ तासा. नदीची माती थराथरांची असते. वर पोयटा, खाली वाळू, मध्येच वीतभर जाडीचा नुसता गोट्यांचा पट्टा, त्याखाली पुन्हा पोयटा, असेही सापडते. असा पट्टा ४० सेंटिमीटरवर असेल तर बहुतेक पिकांची मुळे तिथे थबकतात. पट्टा कठीण असतो म्हणून नव्हे. त्यात बारीक माती नसते, म्हणून ओल नसते आणि खायलाही काही नसते. याचा एक फायदा आहे, तो सहसा कोणी सांगत नाही: बारीक मातीखाली गोट्यांचा थर असेल तर वरची माती पुरती भिजेपर्यंत पाणी खाली सुटत नाही. त्यामुळे ६० सेंटिमीटर पोयटा आणि खाली गोटे अशी जमीन पाणी दिल्यावर नुसत्या वालुकामय जमिनीपेक्षा जास्त काळ ओली राहते. अशी असेल तर केळी, भाजी, अळसांदे (चवळीसारखे कडधान्य) बिनघोर लावा. पोयटा वीतभरच असेल तर माड आणि आंतरपिके.

प्रश्न: माती तपासून घेतली. अहवालात पालाश (पोटॅश) ‘मध्यम’ आहे, पण केळीच्या जुन्या पानांच्या कडा करपतात. चुनाही सांगितला तेवढाच घातला. अहवाल चुकीचा आहे का? (असे विचारणारी तीन पत्रे आहेत.)

उत्तर: अहवाल चुकलेला नाही. तो ज्या मातीबद्दल बोलतो, ती तुमच्या शेतात पूर्ण नाही. प्रयोगशाळेत नमुना वाळवतात, कुटतात आणि २ मिमीच्या चाळणीतून काढतात. वर राहिलेले खडे टाकून देतात, तपासणी खाली पडलेल्या बारीक मातीची होते. मग हेक्टरी किलो हा आकडा काढताना हेक्टरात १५ सेंटिमीटर खोलीपर्यंत सुमारे साडेबावीस लाख किलो माती आहे असे धरतात. तुमच्या जमिनीत तेवढी माती नाही, तिथली कितीतरी जागा गोट्यांनी अडवली आहे. दगडात पालाश मोजायला कोणी जात नाही आणि मुळेही जात नाहीत.

म्हणून आधी गोटे मोजा. लांबी, रुंदी, खोली प्रत्येकी साधारण ३० सेंटिमीटर असा खड्डा काढा आणि निघालेले सगळे एका ताडपत्रीवर ठेवा. गोट्यांच्या जमिनीत खड्ड्याच्या भिंती सरळ राहत नाहीत, म्हणून त्याचे आकारमान पट्टीने मोजू नका. खड्ड्यात पातळ प्लॅस्टिक पसरा, ते कडेकपारीत नीट बसू द्या आणि मोजलेल्या बादलीने काठोकाठ पाणी भरा. बरोबर तीस-तीसचा खड्डा असेल तर २७ लिटर मावते, प्रत्यक्षात २४ ते ३० मध्ये काहीतरी निघेल. आता ताडपत्रीवरची माती वाळवा, ढेकळे लाकडाने हलकेच फोडा आणि चाळा. २ मिमीची चाळण नसेल तर जिच्यातून नाचणीचा दाणा सहज पडतो आणि उकडा तांदूळ अडकतो, ती चालेल. वर राहिलेले खडे धुऊन घ्या. पाण्याने काठोकाठ भरलेल्या बादलीत ते हळूहळू सोडा आणि बाहेर सांडलेले पाणी खालच्या घमेल्यात धरून मापा. खड्डा २६ लिटरचा आणि सांडलेले पाणी ९ लिटर निघाले, तर ९ भागिले २६, म्हणजे सुमारे ३५ टक्के गोटे. शेतात तीन जागी असे करा आणि सरासरी घ्या. खड्यांचे वजन करून टक्केवारी काढू नका. दगड मातीहून जड, त्यामुळे आकडा फुगतो.

आता अहवाल पुन्हा वाचा. समजा पालाश हेक्टरी १५० किलो छापला आहे. ३५ टक्के गोटे वजा केल्यावर राहतात ९७ किलो. म्हणजे ‘मध्यम’ नव्हे, ‘कमी’. पानांच्या कडा करपतात त्या यामुळे.

चुन्याच्या बाबतीत हाच आकडा उलटा लागू होतो. आपल्याकडची माती आम्लधर्मी, सामू (pH) ५ ते ६ च्या दरम्यान, म्हणून चुना लागतो. पण चुना मातीची आम्लता मारण्यासाठी असतो, दगडांची नव्हे. अहवालाने हेक्टरी २००० किलो सांगितला असेल तर तुम्हाला १३०० पुरेत. गोव्यात जमीन चौरस मीटरमध्येच बोलतात, म्हणून सोपी रीत: हेक्टरी किलोंना दहाने भागा, चौरस मीटरचे ग्रॅम मिळतात. १३०० किलो म्हणजे दर चौरस मीटरला १३० ग्रॅम. तुम्ही २०० घातला. जास्तीच्या चुन्याने हलक्या मातीत पालाश, जस्त आणि बोरॉन उचलणे पिकाला जड जाते, म्हणजे कडा करपण्यात त्याचाही हात असू शकतो. चुना आणि युरिया एकत्र टाकू नका, नत्र वायू होऊन उडते. मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्या. शिंपल्यांचा चुना मिळाला तर तोही चालतो, मात्र भाजून विरवलेला चुना नुसत्या शिंपल्यांच्या पुडीपेक्षा तेज असतो, तो प्रमाणात कमी घ्या.

नमुना देताना पिशवीवर ‘गोटे ३५ टक्के’ असे लिहून द्या. विभागीय कृषी कार्यालयात नमुना नेता तेव्हा तोंडीही सांगा.

प्रश्न: धारबांदोड्याला नदीलगत नवी जमीन घेतली. माणसे लावून सगळे दगड वेचून काढायचा विचार आहे. खर्च वसूल होईल का?

उत्तर: सगळे वेचू नका. मुठीपेक्षा मोठे, म्हणजे साडेसात सेंटिमीटरच्या वरचे तेवढे काढा. पॉवर टिलरची पाती त्यांच्यावर आदळून वाकतात आणि वाफा समतल होत नाही. त्याखालचे राहू द्या. आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिमी पाऊस पडतो, सत्तरीच्या आतल्या भागात त्याहून जास्त. उघड्या पोयट्यावर तो थेट पडला की वर पापुद्रा बसतो आणि माती वाहते. वरचे खडे ते थेंब झेलतात. उन्हाळ्यात हेच खडे आच्छादनाचे काम करतात, त्यांच्याखाली बोट घालून बघा, ओल लागेल. शिवाय जागेच्या एक तृतीयांश गोटे काढलेत तर जमीन तेवढी खाली बसते आणि पाटाची पातळी चुकते. याचा अंदाज बऱ्याच जणांना काम संपल्यावर येतो.

काढलेले मोठे गोटे पाटाच्या तळाला आणि मेरेच्या (शेताच्या बांधाच्या) पाण्याकडच्या अंगाला लावा. नांगरटीला रोटाव्हेटरऐवजी टायन (लोखंडी दाते) असलेला कल्टिव्हेटर वापरा. तो गोट्यांना बाजूला सारतो. रोटाव्हेटर त्यांच्याशी भांडतो आणि हरतो.

प्रश्न: जुलै २०२१ च्या पुरात आमच्या भातशेतात वीतभर गोटे येऊन बसले. शेत चार हजार चौरस मीटरचे आहे. अजून पडीकच आहे. काढून टाकावेत का?

उत्तर: आधी गुणाकार करा. वीतभर म्हणजे १५ सेंटिमीटर धरू. ४००० गुणिले ०.१५, म्हणजे ६०० घनमीटर. वजनात हजार टनांच्या आसपास. एका ट्रकमध्ये सहा घनमीटर मावतात असे धरले तर शंभर खेपा. त्यातून नदीचे गोटे आणि वाळू हे गौण खनिज आहे. स्वतःच्या शेतातून उचलून विकायचे झाले तरी खाण खात्याची परवानगी आधी घ्यावी लागेल.

थर १० सेंटिमीटरच्या आत असता तर आम्ही खोल नांगरटीने खालच्या मातीत मिसळा म्हटले असते. तीस-चाळीस सेंटिमीटर असता तर भाताचा विचार सोडा म्हटले असते. तुमची पंचाईत मधली आहे. अशा जागी पट्टे पाडणे परवडते: दर साडेसात मीटरवर दोन मीटर रुंदीचा पट्टा मोकळा करा, त्यातले गोटे मधल्या जागेत सारा, उघड्या पडलेल्या जुन्या मातीत माड लावा. तुमच्या शेतात साधारण सत्तर माड बसतील. मधल्या उंचवट्यावर पहिली तीन-चार वर्षे केळी किंवा अननस.

माडाचा खड्डा करताना तळाला नारळाच्या सोडणांचे दोन थर द्या, खोलगट बाजू वर करून. उलटी ठेवली तर ती पाणी धरत नाहीत, नुसती छत्री होतात. प्रत्येक थरावर माती टाका. सोडणे पाच-सहा वर्षे तरी ओल धरून राहतात.

पुढच्या पुरात पुन्हा गोटे येऊ नयेत म्हणून नदीकडच्या काठाला वाळा लावा, दोन ठोंबांत १० ते १५ सेंटिमीटर अंतर ठेवून, उतारावर दर मीटरभर उंचीला एक ओळ. त्यामागे माणगा बांबू आणि करंज. काठावर नुसती दगडी भिंत उभी केली आणि तिच्या पायाखालून पाणी गेले की ती एका पावसात आडवी होते. झाडे पाण्याचा वेग मोडतात, मग पाणी गोटे अलीकडेच टाकते आणि शेतात पोयटा तेवढा येतो. सत्तरीतली पुरण शेती याच जोरावर चालते: नदीने भरून दिलेल्या जागेत पाणी उतरल्यावर भात.

प्रश्न: काणकोणला नदीकाठच्या शेतात सरद (पावसाळी) भात बरे येते, पण वायंगणाला (हिवाळी भाताला) पाणीच राहत नाही. रात्री भरले की सकाळी कोरडे. चिखलणी नीट करतो.

उत्तर: सरद भात येते ते पावसाच्या कृपेने. तीन हजार मिमी पाऊस चार महिन्यांवर वाटला तर दिवसाला २५ मिमी पडतात. जमीन त्यातले पंधरा गिळत असली तरी भाताला कळत नाही. जानेवारीत वरून काही येत नाही, तेव्हा गळती उघडी पडते.

गळती किती ते मोजा. तळ कापलेला पत्र्याचा डबा चिखलणी झालेल्या वाफ्यात १० सेंटिमीटर दाबून बसवा. आत १० सेंटिमीटर पाणी भरा, वर झाकण ठेवा म्हणजे उन्हाने उडणार नाही. चोवीस तासांनी पट्टीने मोजा. ५ मिमीपर्यंत घट असेल तर उत्तम. १० मिमी म्हणजे चार हजार चौरस मीटरला रोज ४० हजार लिटर नुसते खाली जाते. पंप किती तास चालवायचा हे तुम्हीच ठरवा. २० मिमीच्या वर असेल तर त्या शेतात वायंगण भात करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पण डब्यात घट कमी आणि वाफा तरी कोरडा, असे झाले तर चोर मेर आहे, शेत नव्हे. गोट्यांच्या जमिनीत पाणी तळातून जाते त्याहून जास्त मेरेच्या खालून आडवे जाते. मेरेच्या आतल्या बाजूने ३० सेंटिमीटर रुंद, ४५ खोल चर काढा, त्यात खाजनाकडची किंवा तळ्यातली चिकण माती १५-१५ सेंटिमीटरच्या थरांनी ओली करून धुमसाने ठोका. चार हजार चौरस मीटरचे शेत चौकोनी असेल तर घेर सुमारे २५० मीटर, माती लागते ३४ घनमीटर. काम आहे, पण एकदाच.

चिखलणीबद्दल: गोटे असले की चिखल त्यांच्या कडेने फटी सोडतो. केज व्हील लावून तीन पाळ्या द्या, शेवटच्या पाळीनंतर दोन दिवस पाणी हलवू नका, म्हणजे बारीक गाळ फटींत बसतो. त्याआधी धैंचा (हिरवळीचे खत) पेरून, चौरस मीटरला ५ ग्रॅम बी, चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी गाडला असेल तर फरक दुसऱ्या वर्षापासून दिसतो.

सरद भातात युरिया लावणीच्या वेळी देऊ नका. अशा जमिनीत तो आषाढातल्या पहिल्याच झडीबरोबर खाली जातो. लावणीनंतर दहा दिवसांनी, फुटवे येताना आणि पोटरीच्या आधी, असे तीन हप्ते करा. पाऊस उघडीप देईल तो दिवस बघून द्या.

आणि वायंगण सोडून दिलेत तर त्यात कमीपणा नाही. भातकापणीनंतर उरलेल्या ओलीवर अळसांदे अशा मातीत छान येतात. त्यांना पाय ओले ठेवायला आवडत नाहीत, गोट्यांमुळे निचरा आयता मिळतो. दोन ओळींत ३० सेंटिमीटर, दोन रोपांत १५. रताळीही चालतात, फक्त मोठ्या गोट्यांच्या जागी ती वाकडी होतात आणि बाजारात पडून राहतात.

प्रश्न: सांग्याला नदीकाठचे कुळागर (पोफळीची बाग). पोफळीला ठिबक केले, झाडामागे रोज १६ लिटर पाणी देतो, तरी मार्चपासून झावळ्या मलूल दिसतात आणि सुपाऱ्या तडकतात. पूर्वी पाटाचे पाणी होते तेव्हा असे नव्हते.

उत्तर: पाणी पुरेसे आहे, ते मुळांना भेटत नाही. भारी मातीत ठिबकचे पाणी खाली जाता जाता बाजूला पसरते, कांद्यासारखा आकार होतो. गोट्यांच्या मातीत ते गाजरासारखे सरळ खाली उतरते. तुम्ही एकाच ड्रिपरने चार तास पाणी देत असाल तर वीत-दीड वीत रुंदीचा खांब भिजतो आणि त्याच्या तळातून उरलेले नदीला परत जाते. खात्री करायची तर पाणी बंद केल्यावर तासाभराने ड्रिपरजवळ मातीची भिंत उघडी करा, ओल्या-कोरड्याची रेघ स्पष्ट दिसते.

झाडामागे ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर बुंध्यापासून दोन हातांवर समोरासमोर ठेवा आणि सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास चालवा. पाणी तेच १६ लिटर, पण दोन जागी, दोन वेळा थोडे थोडे. आंतरपीक दाट असेल तर मायक्रो स्प्रिंकलर त्याहून बरे, जायफळ आणि मिरवेलही भिजतात. सुपारी तडकते ती बहुधा कोरड आणि भरपूर पाणी यांच्या आलटून-पालटून होण्याने, जोडीला पालाशची कमतरता असतेच.

ज्यांच्याकडे अजून आळ्यात पाणी देतात त्यांच्यासाठी हिशेब असा: रेताड पोयटा दर सेंटिमीटर खोलीला सुमारे १.२ मिमी पाणी झाडाच्या कामाचे धरतो. ६० सेंटिमीटरला ७२ मिमी. गोटे ३० टक्के असतील तर उरले ५०. त्यातले निम्मे संपले की पुन्हा द्यायला हवे, म्हणजे एका खेपेला २५ मिमी, चौरस मीटरला २५ लिटर. माडाचे आळे १.८ मीटर त्रिज्येचे असेल तर अडीचशे लिटर. त्यावर ओतलेले वाया. एप्रिलात दिवसाला ५ मिमी उडते, तेव्हा पाचव्या दिवशी पुन्हा पाळी. आठवड्याने पाचशे लिटर देणारा आणि पाच दिवसांनी अडीचशे देणारा, यांत पहिल्याचे झाड तहानलेले राहते.

खताचेही तसेच. पोफळीला वर्षाला १०० ग्रॅम नत्र, ४० स्फुरद, १४० पालाश, म्हणजे युरिया सुमारे २२० ग्रॅम आणि म्युरेट ऑफ पोटॅश २३५. स्फुरद रॉक फॉस्फेटमधून एकदाच दिले तरी चालते, ते वाहून जात नाही. युरिया आणि पोटॅश दोन हप्त्यांऐवजी चार करा: मेअखेर, सप्टेंबर, नोव्हेंबर, फेब्रुवारी. जून ते ऑगस्ट नाव काढू नका. शेण-कंपोस्ट १२ किलो आणि हिरवा पाला १२ किलो दर झाडामागे दर वर्षी हवाच. गोट्यांच्या मातीत पाणी आणि खत अडवून धरणारे दुसरे फारसे काही नसते आणि आपल्या उकाड्यात ते वर्षाच्या आत कुजून संपते. गिरिपुष्पाची कुंपणे करा, पाला विकत आणावा लागणार नाही.

माडाच्या कोवळ्या झावळ्यांची पाती उलगडत नसतील, टोके आकड्यासारखी वळत असतील तर ते बोरॉन. झाडामागे ५० ग्रॅम बोरॅक्स, ओल असताना, आळ्यात पसरून. जास्त घातले तर विषारी ठरते.

प्रश्न: खांडेपारजवळ घर बांधतो आहोत. जमिनीत गोटे आहेत, पाणी लगेच मुरते. शोषखड्डा छान चालेल ना? विहीर बारा मीटरवर आहे.

उत्तर: शोषखड्डा इतका छान चालेल की विहिरीत येईल. पाणी मुरणे वेगळे आणि गाळले जाणे वेगळे. गोट्यांतून मैलापाणी धावत जाते, जंतू अडवायला बारीक माती नाही. साध्या जमिनीतसुद्धा पिण्याच्या विहिरीपासून निदान १८ मीटर अंतर ठेवतात. तुमच्याकडे त्याहून लांब आणि विहिरीच्या उताराखाली हवा.

३० सेंटिमीटरचा खड्डा पाण्याने भिजवून घ्या, पुन्हा भरा आणि घड्याळ लावा. २५ मिमी पाणी मिनिटाच्या आत उतरले तर तिथे उघडा शोषखड्डा नको. करावाच लागला तर तळाला आणि चारी बाजूंना ३० सेंटिमीटर जाडीची वाळू भरा. दुसरे, ही चाचणी मे महिन्यात करून फसू नका. जुलैत नदीकाठी भूजल पावलाखाली येते, तेव्हा खड्डा उलटा भरतो. पावसाळ्यात विहिरीची पातळी जमिनीपासून दोन मीटरच्या आत येत असेल तर उंचवट्यावर बंद टाकी आणि गाळणी असलेली पद्धत बघा.

जोत्याच्या भरावाबद्दलही विचारले आहे. गोल गोटे एकमेकांत अडकत नाहीत, चाकासारखे सरकतात, म्हणून नुसते भरू नका. लाल मुरूम मिसळा, १५ सेंटिमीटरचे थर, प्रत्येक थर पाणी मारून ठोकलेला. मात्र भिंतीमागे पाणी काढून देणाऱ्या थराला धुतलेल्या गोट्यांसारखे दुसरे काही नाही.

प्रश्न: खाजनाच्या बांधाला भगदाड पडले आहे. वरून गोट्यांची माती ट्रकने स्वस्तात मिळते. घालावी का?

उत्तर: बांधाच्या पोटात नाही. भरतीचे पाणी गोट्यांच्या फटींतून बारीक माती धुऊन नेते, आधी करंगळीएवढी वाट होते आणि पुनवेच्या भरतीला बांध जातो. पोटात खाजनाचीच चिकण माती, थराथराने तुडवलेली. गोटे लावायचे तर शेताकडच्या पायथ्याशी, आधी वाळू आणि वर गोटे असे. झिरपलेले पाणी त्यातून स्वच्छ बाहेर येते आणि माती मागे राहते. तिथून गढूळ पाणी येऊ लागले तर समजा आत पोकळी होते आहे, त्याच दिवशी माणसे बोलवा.

प्रश्न: पर्वरीला फ्लॅटच्या गच्चीत कुंड्या आहेत. ‘नदीची माती’ म्हणून आणली, निम्मे खडे निघाले. फेकून द्यावी का?

उत्तर: चाळा. खाली पडलेली माती दोन भाग, चांगले कुजलेले कंपोस्ट एक भाग, नारळाच्या सोडणाचा भुसा एक भाग. भुसा दोनदा पाण्यात भिजवून पिळून घ्या, त्यातला खार जातो. खडे कुंडीच्या तळाला घालायची जुनी सवय सोडून द्या, त्याने निचरा सुधारत नाही. माती उलट खड्यांच्या वर पाणी धरून बसते आणि मुळांना जागा कमी होते. तळाच्या भोकावर खापरीचा एक तुकडा पुरे. खडे कुंडीत वर पसरा, दोन सेंटिमीटर जाडीचे. गच्चीवरच्या मेमधल्या उन्हात तांबडी भाजी दुपारी मान टाकणार नाही.